बोपण्णाचं रेकॉर्ड वाचायचं कसं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

भारताचा टेनिसपटू रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली आणि आमच्याकडे प्रश्नांचा ढीग लागला. काही कौतुकाचे, काही चिडलेले, काही अगदी बेसिक. त्यामुळे या वेळी क्रिकेटला सुट्टी, रागावू नका. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं जरा कापलीत.

प्रश्न (कोल्हापूर): सिंगल्समध्ये या माणसाचं बेस्ट रँकिंग २१३. आयुष्यभर डबल्स खेळला, आणि पेपरवाले लेजंड लेजंड म्हणून नाचतायत. सिंगल्स जमत नाही तेच लोक डबल्स खेळतात ना? मग एवढं काय?

उत्तर: चिडून विचारलाय पण प्रश्न मुद्द्याचा आहे. २१३ हा आकडा खराच आहे, २००७ मध्ये तो तिथे पोचला आणि त्याच्या वर कधीच गेला नाही. कूर्गमधलं कॉफी मळेवाल्यांचं घर, सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडं फोडायची, दम वाढावा म्हणून मळ्यातून पळत सुटायचं, हे त्याने स्वतःच निवृत्तीच्या वेळी लिहिलंय. सर्व्हिस झाली पण तशी, तोफच. फक्त नुसत्या सर्व्हिसवर सिंगल्सच्या पहिल्या शंभरात शिरता येत नाही, तिथे बेसलाइनवर तासन् तास पळावं लागतं आणि तो त्याचा खेळ नव्हता. एवढं मान्य.

पण "जमत नाही ते डबल्स खेळतात" हे काही पटत नाही. तसं असतं तर सिंगल्समधला पहिल्या वीसातला कुणीही दर आठवड्याला येऊन डबल्सवाल्यांना धुवून गेला असता, आणि तसं होत नाही. एकदा डबल्सची मॅच बॉल सोडून माणसांकडे बघत बघा. सर्व्हिस पडायच्या आधी नेटवर उभा असलेला पार्टनर हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो, मी इकडे सरकणार किंवा जागीच थांबणार, मागचा तोंडाने "हो" म्हणतो, सर्व्हिस ठरलेल्या जागीच टाकावी लागते, नाहीतर पुढच्याची फजिती. समोरच्याने रिटर्न जरा उंच मारला की नेटवरचा तो तिथल्या तिथे मारून मोकळा होतो, म्हणून रिटर्न करणाऱ्याला बॉल पायाशी पडेल असा खाली ठेवावा लागतो, तोही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या सर्व्हिसवर. हे सगळं होईपर्यंत तुम्ही आम्ही चहाचा घोटसुद्धा गिळलेला नसतो. त्यात ग्रँड स्लॅम (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) सोडून टूरवरच्या बाकी स्पर्धांमध्ये डबल्सला ४०-४० झाल्यावर अ‍ॅडव्हांटेज नसतो, पुढचा एकच पॉइंट आणि गेम खलास. म्हणजे एक सर्व्हिस गेम ढिला पडला की सेट गेला असंच समजा. अशा खेळात २००८ ते २०२४ या काळात २६ टायटल्स घेणं म्हणजे चेष्टा वाटते का?

आणि सिंगल्सचं म्हणाल तर एक मॅच सांगतो. सप्टेंबर २०१०, चेन्नई, डेव्हिस कप म्हणजे देशादेशांतली टेनिस स्पर्धा, समोर ब्राझील. पहिल्या दिवशी भारत ०-२ मागे. डबल्स जिंकली, मग रिव्हर्स सिंगल्समध्ये (प्रतिस्पर्ध्यांची अदलाबदल करून परत सिंगल्स) सोमदेव देववर्मनसमोरच्या बेलुचीने मॅच अर्धवट सोडली, २-२ झालं आणि शेवटच्या निर्णायक सिंगल्सला कोर्टवर कोण, तर आपला हा डबल्सवाला बोपण्णा. रिकार्डो मेलोला सरळ सेटमध्ये हरवलं आणि भारत ३-२ ने टाय, म्हणजे ती पूर्ण लढत, जिंकला. २१३ च्या आकड्यात ही मॅच कुठे दिसत नाही.

प्रश्न (नाशिक): ४३ व्या वर्षी नंबर वन कसा काय? डबल्समध्ये वयाचे जास्तीचे गुण मिळतात का?

उत्तर: हा हा, नाही हो. हिशोब सगळ्यांना एकच आहे. मागच्या ५२ आठवड्यांत जे कमावलं त्यातल्या चांगल्या निकालांची बेरीज, ग्रँड स्लॅम जिंकलं तर २०००, मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धा) जिंकलं तर १०००, आणि एका वर्षापूर्वीचे गुण त्याच स्पर्धेच्या वेळी गळून पडतात. म्हणजे नंबर वन हा गेल्या एक वर्षाचा हिशोब असतो, करिअरभराचा नाही.

आता त्याचं ते एक वर्ष बघा. २०२३ पासून तो ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एबडनबरोबर खेळायला लागला. मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकलं, फायनलला समोर कूलहॉफ आणि स्कुप्स्की, ६-३, २-६, १०-८ (हा शेवटचा १०-८ कसा ते पुढे लातूरच्या प्रश्नात). मास्टर्स जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू झाला, आधी हा मान कॅनडाच्या डॅनियल नेस्टरकडे होता, त्याने ४२ व्या वर्षी जिंकलं होतं. मग विम्बल्डनची सेमी. मग यूएस ओपनची फायनल. म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनसाठी मेलबर्नला उतरला तेव्हा गुणांची पेटी आधीच भरलेली होती, फक्त झाकण लावायचं बाकी होतं. क्वार्टर फायनल जिंकली तेव्हाच नंबर वन पक्का झाला. याच्या आधी सगळ्यात वयस्कर नंबर वन अमेरिकेचा माइक ब्रायन होता, ४१ चा. आणि माइक ब्रायन त्याच्या आधी कितीतरी वर्षं वर बसलेलाच होता, याने तर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेच ४३ व्या वर्षी!

मला विचाराल तर बोपण्णाचं रेकॉर्ड सरसकट बेरजेने वाचूच नये, वर्षवार वाचावं. बहुतेक खेळाडूंचा आलेख पंचविशी तिशीत वर जातो आणि मग उतरतो, याचा उलटाच. त्याची मास्टर्स टायटल्स सहा. पॅरिस २०११, पॅरिस २०१२, माद्रिद २०१५, माँटे कार्लो २०१७, ही चार झाली सदतिशीपर्यंत. मग जवळजवळ सहा वर्षं काही नाही. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता संपलं. आणि मग इंडियन वेल्स २०२३ आणि मायामी २०२४. मायामी जिंकलं तेव्हा ४४ पूर्ण झाले होते, म्हणजे स्वतःचाच वयाचा विक्रम स्वतःच मोडला.

प्रश्न (औरंगाबाद म्हणा की संभाजीनगर, दोन पत्रं आली): पुरुष डबल्सचं ग्रँड स्लॅम जिंकायला एवढी वर्षं का लागली? नशीब की खेळ कमी पडला?

उत्तर: दोन्ही थोडं थोडं, पण जास्त करून समोर कोण होतं ते बघा. २०१० च्या यूएस ओपनमध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर फायनलला गेला. इंडो-पाक एक्सप्रेस म्हणायचे या जोडीला, भारत पाकिस्तानचे राजदूत शेजारी शेजारी बसून मॅच बघत होते. समोर ब्रायन बंधू, म्हणजे डबल्समधला त्या काळातला शेवटचा शब्द. स्कोअर ७-६, ७-६. दोन टायब्रेक (सेट ६-६ झाल्यावरचा निकाली गेम) इकडचे तिकडे झाले असते तर ३० व्या वर्षीच ग्रँड स्लॅम घरी आलं असतं. त्यानंतर पुढची फायनल कधी, तर थेट २०२३. मधे तेरा वर्षं!

त्या तेरा वर्षांत काहीच झालं नाही असंही नाही. २०१३ ला विम्बल्डनची सेमी, परत ब्रायन बंधू. २०१५ ला रोमानियाच्या फ्लोरिन मेर्जियाबरोबर विम्बल्डनच्या क्वार्टरमध्ये त्याच ब्रायन बंधूंना हरवलं, जुना हिशोब चुकता केला म्हणायचं, आणि सेमीमध्ये रोजर आणि टेकाऊ यांच्याकडून पाचव्या सेटमध्ये ११-१३ ने हरला. (तेव्हा विम्बल्डनची पुरुष डबल्स पाच सेटची असायची, आता तीनची केलीय.) हा जाँ-ज्युलियन रोजर लक्षात ठेवा. २०२२ ला फ्रेंच ओपनच्या सेमीत बोपण्णा आणि नेदरलँड्सचा मिडलकूप परत याच रोजरच्या जोडीकडून हरले, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. रोजर पुढे ती स्पर्धा जिंकला आणि ओपन एरामधला (म्हणजे १९६८ पासूनच्या टेनिसमधला) पुरुष डबल्सचा सगळ्यात वयस्कर ग्रँड स्लॅम विजेता झाला, चाळिशीत. तो विक्रम पुढे मोडला तो बोपण्णानेच.

२०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन काही दणादण जिंकलेली नाही हे पण सांगतो. पहिल्याच फेरीत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जीव वाचला. सेमीत माखाच आणि चीनचा झांग यांच्याविरुद्ध परत तेच, तिसरा सेट ७-६. फायनलला इटलीचे बोलेली आणि वावासोरी, पहिला सेट टायब्रेकला गेला आणि तो यांनी ७-० मारला, समोरच्यांना एक पॉइंटसुद्धा नाही, दुसरा ७-५. पुरुष डबल्समध्ये हे त्याचं ६१ वं ग्रँड स्लॅम होतं. एकसष्ट वेळा ड्रॉमध्ये नाव, साठ वेळा रिकाम्या हाताने परत. सेमीच्या दिवशीच पद्मश्री जाहीर झाली, दोन दिवसांनी कप उचलला, आणि त्यानंतरच्या सोमवारी, २९ जानेवारीला, रँकिंगच्या यादीत सगळ्यात वर नाव. असा आठवडा फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

प्रश्न (ठाणे): २०२३ च्या यूएस ओपन फायनलमध्ये त्याने स्वतःहून पॉइंट दिला म्हणतात. नक्की काय झालं होतं? अंपायरने सांगितलं होतं का?

उत्तर: अंपायरच्या ध्यानातही आलं नव्हतं. समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी, आधीची दोन वर्षं लागोपाठ जिंकलेली जोडी. पहिला सेट बोपण्णा-एबडन ६-२ ने घेऊन बसले होते, दुसरा ३-६ गेला, तिसरा चालू. म्हणजे ४३ वर्षांच्या माणसाला आयुष्यातलं पहिलं पुरुष डबल्सचं ग्रँड स्लॅम एका सेटवर आलेलं, एकेक पॉइंट सोन्याचा. एका पॉइंटमध्ये बॉल त्याच्या हाताला किंचित चाटून गेला. नियम असा की बॉल अंगाला किंवा कपड्याला लागला की पॉइंट समोरच्याचा, मग तो बाहेर जाणारा असो की आत पडणारा. कोणी अपील केलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं. हा स्वतः गेला आणि सांगून टाकलं की मला लागलाय, पॉइंट त्यांचा.

तो सेट ४-६ गेला आणि मॅच पण गेली. आता कोणी म्हणेल त्या एका पॉइंटमुळे हरले, तर तसं काही नाही, राम आणि सॅलिसबरी शेवटी सरसच खेळले. पण स्कोअरकार्डात हा प्रसंग कुठेच नसतो, तिथे नुसतं २-६, ६-३, ६-४ दिसतं. आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं की फायनलमध्ये असलं काही करू नये, अंपायर कशाला बसवलाय तिथे. माझं मत वेगळं आहे, आणि यावर आमचं अजून जमलेलं नाही.

प्रश्न (पुणे, सदाशिव पेठ): मी ६४ वर्षांची आहे. बोपण्णाच्या गुडघ्यात कूर्चाच उरली नव्हती आणि अय्यंगार योगाने तो परत खेळायला लागला असं वाचलं. आमच्या गुडघ्यांनाही होईल का हो?

उत्तर: काकू, प्रश्न आवडला पण उत्तर तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनाच विचारा, हा खेळाचा कॉलम आहे! बोपण्णाचं एवढं सांगू शकतो. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती आणि तो पेनकिलर खाऊन खेळत होता, हे त्याने बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय. २०२० मध्ये कोविडमुळे टूर बंद पडली तेव्हा अय्यंगार योग सुरू केला. यात बेल्ट, लाकडी ठोकळे, खुर्ची, दोर, लोड असं सामान वापरून आसनात बराच वेळ थांबवतात, त्यामुळे सांध्यावर भार न टाकता त्याच्या आजूबाजूचे स्नायू तयार होतात. तुम्ही पुण्याच्या, म्हणजे तुम्हाला हे सांगायला नको, बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था शिवाजीनगरलाच आहे, जगभरचे लोक तिथे शिकायला येतात.

पण योग केला आणि नंबर वन झाला असं सरळ गणित मांडू नका. २०२१ ची सुरुवात त्याच्यासाठी फार वाईट गेली, महिनोन् महिने मॅचच जिंकत नव्हता, सोडून द्यावं असं डोक्यात आलं होतं हे त्याने नंतर सांगितलं. योग चालू होता तरी हरतच होता. शिवाय फिजिओ, कोच, आणि सगळ्यात मोठं म्हणजे डबल्समध्ये पळणं कमी, त्यामुळे दुखरे गुडघे घेऊन तिथे टिकता येतं. पाच सेटची सिंगल्स खेळून बघितली असती तर बहुतेक पहिल्याच आठवड्यात गुडघ्यांनी नकार दिला असता.

प्रश्न (नागपूर): पेस, भूपती, सानिया आणि बोपण्णा. क्रम लावा. पळवाट काढू नका.

उत्तर: नाही काढत. पहिला लिएंडर पेस. १८ ग्रँड स्लॅम, त्यात आठ पुरुष डबल्स आणि दहा मिक्स्ड (एक पुरुष, एक महिला अशी जोडी), वर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधलं सिंगल्सचं ब्राँझ, आणि डेव्हिस कपमध्ये सगळ्यात जास्त डबल्स जिंकण्याचा जागतिक विक्रम. यावर चर्चाच नको. दुसऱ्या जागेसाठी महेश भूपती आणि सानिया मिर्झा. भूपतीची १२, सानियाची सहा, पण सानिया सिंगल्समध्ये पहिल्या तीसात होती, ते तिच्याआधी कुठल्याही भारतीय मुलीला जमलेलं नव्हतं, त्यामुळे मी सानियाला दुसरी ठेवतो. भूपती तिसरा. बोपण्णा चौथा. ग्रँड स्लॅम दोनच, एक मिक्स्ड आणि एक पुरुष डबल्स.

नाराज होऊ नका, हा चौथा नंबर साधा नाही. हे चौघंही डबल्सला नंबर वन झालेले आहेत, पेस आणि भूपती १९९९ मध्ये, सानिया २०१५ मध्ये. पेस २०१३ ची यूएस ओपन जिंकला तेव्हा चाळीस वर्षांचा होता आणि आपण सगळे तोंडात बोटं घालून बसलो होतो. बोपण्णाने त्याच्या पुढे जवळजवळ चार वर्षं ओढली. टिकण्याचा नंबर लावायचा झाला तर तो पहिला, बाकी तिघांनी माफ करावं.

प्रश्न (सोलापूर): मिक्स्ड डबल्सचं ग्रँड स्लॅम कधीचं? त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

उत्तर: २०१७, फ्रेंच ओपन, पार्टनर कॅनडाची गॅब्रिएला डाब्रोव्स्की. समोर जर्मनीची ग्रोनेफेल्ड आणि कोलंबियाचा रॉबर्ट फराह. पहिला सेट २-६ असा सपशेल गेला, दुसरा ६-२, आणि मग सुपर टायब्रेक (तो काय ते पुढच्याच उत्तरात) १२-१०, त्यात दोन मॅच पॉइंट वाचवले. मजा पुढे आहे. सात आठ महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिक्स्ड फायनलला बोपण्णा परत, या वेळी हंगेरीच्या टिमिया बाबोसबरोबर, आणि नेटच्या पलीकडे कोण, तर डाब्रोव्स्कीच! ती पाविचला घेऊन आली होती. परत सुपर टायब्रेक, या वेळी ९-११ ने बोपण्णा हरला. डबल्समध्ये हे असंच असतं, आज ज्याच्या हातावर टाळी दिली तो उद्या तुमच्या अंगावर स्मॅश मारतो.

मिक्स्डची अजून एक फायनल लक्षात ठेवण्यासारखी, ऑस्ट्रेलियन ओपन २०२३, सानियाबरोबर. सानियाचं ते शेवटचं ग्रँड स्लॅम. ब्राझीलच्या स्टेफानी आणि माटोसकडून ६-७, २-६ हरले. सानिया चौदा वर्षांची असताना तिचा पहिला मिक्स्ड पार्टनर बोपण्णाच होता, हे सांगताना ती कोर्टवरच रडली. जिंकले असते तर सिनेमावाल्यांनी सुद्धा इतकं जुळवून आणलं नसतं, पण नाही जिंकले.

प्रश्न (लातूर): सुपर टायब्रेक म्हणजे काय? स्कोअरमध्ये मधेच १०-६ असं दिसतं.

उत्तर: टूरवर डबल्सला तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत, त्याऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक, दोनचा फरक हवा. मायामी २०२४ ची फायनल याच पद्धतीने, ६-७, ६-३, १०-६. पुरुष डबल्सच्या ग्रँड स्लॅममध्ये मात्र तिसरा सेट पूर्ण असतो.

प्रश्न (चिंचवड): आपल्या पुण्याशी, महाराष्ट्राशी त्याचं काही कनेक्शन आहे का? माझा मित्र म्हणतो तो इथेच शिकला.

उत्तर: मित्र अर्धा बरोबर आहे. माणूस पक्का कूर्गचा आणि राहणारा बंगळुरूचा, पण शाळकरी वयात काही काळ पुण्यात नंदन बाळ सरांकडे टेनिस शिकायला होता. ते पुढे भारताच्या डेव्हिस कप टीमचे कोच पण झाले. त्यामुळे पुणेकर जरा कॉलर ताठ करू शकतात, फार नको.

बालेवाडी तर त्याला चांगलीच मानवली. महाराष्ट्र ओपन तिथे व्हायची, आपल्याकडची एकुलती एक एटीपी (पुरुषांच्या जागतिक टूरची) स्पर्धा, २०१९ ला त्याने दिविज शरणबरोबर जिंकली आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. २०२२ ची फायनल रंगली होती. पहिला सेट टायब्रेकला १०-१२ असा हातातून गेला, मग ६-३, आणि सुपर टायब्रेक १०-६. सॅव्हिल आणि स्मिथ हे ऑस्ट्रेलियन समोर होते. ती स्पर्धा आता बालेवाडीत होत नाही, त्याचं वाईट वाटतं, कारण आपल्या पोरांना वाइल्ड कार्ड (रँकिंग पुरेसं नसताना आयोजकांनी दिलेला प्रवेश) मिळून मोठ्या खेळाडूंसमोर उभं राहायची ती एक जागा होती.

आणि खरं कनेक्शन म्हणजे ऋतुजा भोसले. हांगझोऊ एशियन गेम्स, सप्टेंबर २०२३. पुरुष डबल्समध्ये युकी भांब्रीबरोबर बोपण्णा गोल्डचा दावेदार होता आणि दुसऱ्याच मॅचला उझबेकिस्तानच्या जोडीकडून हरून बाहेर. सगळ्यांनी टेनिसचं गोल्ड सोडून दिलं होतं. मग मिक्स्डमध्ये तो आपल्या ऋतुजाला घेऊन उतरला, एकेक फेरी काढत फायनल, समोर तैवानची जोडी, पहिला सेट २-६. त्यानंतर ६-३ आणि १०-४. महाराष्ट्रातल्या मुलीच्या गळ्यात एशियन गेम्सचं टेनिसचं गोल्ड! त्या फायनलची क्लिप मिळाली तर ऋतुजाचे रिटर्न बघा, सगळं श्रेय मोठ्या नावाला देऊन मोकळे होऊ नका. बोपण्णाचं हे दुसरं एशियन गोल्ड, पहिलं २०१८ ला दिविज शरणबरोबर पुरुष डबल्सचं.

प्रश्न (रत्नागिरी): एवढं सगळं, मग ऑलिंपिक मेडल का नाही?

उत्तर: ही जखम आहे खरी. २०१२ च्या लंडनआधी कोणी कोणाबरोबर खेळायचं यावरून जे रामायण झालं ते पेपरवाल्यांना महिनाभर पुरलं. टेनिस असोसिएशनला पेस आणि भूपती एकत्र हवे होते, भूपती आणि बोपण्णा म्हणाले आम्ही दोघंच खेळणार, शेवटी दोन टीम पाठवल्या आणि भूपती-बोपण्णा दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले. २०१६ ला रिओमध्ये पुरुष डबल्सला पेस आणि बोपण्णाची जोडी लावली, मनं जुळलेली नव्हतीच, पहिल्या फेरीत घरी. यात दोष कोणाचा यावर तुम्ही मला शंभर पत्रं लिहाल, पण माझ्या मते खेळाडू आणि असोसिएशन दोघांनीही ती चार वर्षं वाया घालवली.

मिक्स्डमध्ये मात्र रिओला मेडल अगदी हातात होतं. सानिया आणि बोपण्णाने क्वार्टरला अँडी मरे आणि हेदर वॉटसनला हरवलं. सेमीला व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम, पहिला सेट ६-२ घेतला. मग २-६ आणि सुपर टायब्रेक ३-१०. (हो, हाच राजीव राम, जो २०२३ ला यूएस ओपनच्या फायनलला परत आडवा आला.) ब्राँझची मॅच अजून बाकी होती पण ती पण चेक जोडीकडून १-६, ५-७. २०२४ च्या पॅरिसला श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत फ्रान्सच्या मोंफिस आणि रॉजर-व्हासलँकडून हरला आणि तिथेच भारताकडून खेळणं थांबवल्याचं सांगितलं. डेव्हिस कपला तर त्याने आधीच, २०२३ मध्ये लखनौला मोरोक्कोविरुद्धच्या टायनंतर, रामराम केला होता. आणि तेच पॅरिसचं गोल्ड कोणी घेतलं, तर त्याचा टूरवरचा पार्टनर एबडनने, जॉन पीअर्सबरोबर. काय म्हणायचं आता.

प्रश्न (वसई): नंबर वन झाल्यावर एका वर्षात एवढा खाली कसा गेला? दुखापत?

उत्तर: वर गुणांचं सांगितलं तेच. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला आदल्या वर्षीचे २००० गुण गळणार होते. २०२४ संपताना एबडनबरोबरची जोडी मोडली होती, नवा पार्टनर कोलंबियाचा बारियेंतोस, आणि पहिल्याच फेरीत पराभव. म्हणजे दोन हजार गेले आणि हातात जवळपास काही आलं नाही. मग मायामीचे हजार गेले. रँकिंग घसरलं की मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळत नाही, चांगले पार्टनर मिळत नाहीत कारण जोडीच्या दोघांच्या रँकिंगची बेरीज बघून एंट्री ठरते, आणि मग गुण मिळवायची संधीच कमी होते. ४५ व्या वर्षी त्या चक्रातून वर येणं फार अवघड.

तरी सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला जपानच्या ताकेरू युझुकीबरोबर फायनलपर्यंत गेलाच. शेवटची स्पर्धा पॅरिस मास्टर्स, कझाकस्तानच्या बुब्लिकबरोबर, पहिल्या फेरीत हार. आणि ती हार कोणाकडून, तर ऑस्ट्रेलियाच्या त्याच जॉन पीअर्सच्या जोडीकडून, ज्याने एबडनबरोबर ऑलिंपिकचं गोल्ड घेतलं होतं.

प्रश्न (धुळे): आता भारताकडून डबल्समध्ये कोणाकडे बघायचं?

उत्तर: युकी भांब्री. २०२५ च्या यूएस ओपनला न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर सेमीपर्यंत गेला. एकेकाळी ज्युनियरमध्ये जगात नंबर वन होता, दुखापतींनी सिंगल्स गिळलं, आता डबल्समध्ये आलाय आणि तिशी ओलांडलीय. वयाची काळजी करू नका असं म्हणायला आता आपल्याकडे उदाहरण आहे.

सानियाच्या सिंगल्सवर तीन पत्रं येऊन पडलीत, ती पुढच्या अंकात घेतो. नागपूरकरांनी क्रमाबद्दल भांडायचं असेल तर त्याआधी पाठवा.